बुनूची टोपली

डोंबिवलीत राहिलेल्यांना माझी ओळख करून द्यायला नको. गॅलरीतून दोरीला बांधून जी खाली सोडतात, भाजीवाला जिच्यात मेथीची जुडी आणि चार लिंबं टाकतो आणि वरून कुणीतरी जिला ओढून घेतं, तसली बांबूची टोपली आहे मी. फरक एवढाच, की माझ्या वाट्याला भाजी थोडी आली आणि कुत्रा जास्त.

माझा जन्म कल्याणचा, चौऱ्याऐंशी सालचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत तुळसा नावाची बुरूडबाई बसायची. बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्या पाण्यात भिजवायच्या आणि पायाच्या अंगठ्यात धरून विणायच्या, हा तिचा दिवसभराचा उद्योग. मला विणताना तिचं शेजारणीशी भांडण चाललं होतं. त्या रागात माझी वीण जरा जास्तच घट्ट बसली. पुढे ती फार उपयोगी पडली.

भागीरथीबाई कल्याणला नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. शाळा सुटल्यावर त्या टोपली घ्यायला आल्या. त्यांना छोटी हवी होती. तुळसा म्हणाली, "बाई, लहान्या सगळ्या खपल्या. हीच न्या. मोठी टोपली कधी वाया जात नाही." बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, तळावर टिचकी मारली आणि काखेत धरून डोंबिवलीला आणलं.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तीन मजली इमारतीत त्यांचं घर होतं. दुसरा मजला, दोन खोल्या आणि रस्त्यावरची गॅलरी. बाईंचे यजमान आधीच वारले होते. घरात त्या आणि त्यांची मुलगी सरोज. सरोज ठाण्याला बँकेत होती. मी स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलेली असायची, सकाळी दोरीला बांधून खाली जायची आणि कांदे-बटाटे घेऊन वर यायची. वर्षभर एवढंच.

मग एका संध्याकाळी सरोज पिशवीत काहीतरी वळवळणारं घेऊन आली. तिच्या बँकेचे मॅनेजर बदलून आसामला चालले होते. त्यांच्या कुत्रीचं पिल्लू त्यांनी सरोजला दिलं होतं. डॅशहंड जातीचं. पिशवीतून ते आधी तोंड, मग मान, मग पाठ, मग आणखी पाठ असं बाहेर येत राहिलं.

"अगं, संपतंय की नाही हे?" बाई म्हणाल्या. "आणि पाय कुठायत त्याचे?"

"आहेत गं आई. आखूड असतात या जातीचे."

"मला नकोय. दोन खोल्यांत माणसांना जागा नाही."

पिल्लाचं नाव मॅनेजरसाहेबांनी ब्रूनो ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनीच त्याचा बुनू केला. आठवड्याभरात बुनू त्यांच्या पायांवर झोपायला लागला. नंतर सरोजचं लग्न होऊन ती सासरी गेली. तिकडे कुणाला कुत्रं चालत नव्हतं. तोपर्यंत बाईही निवृत्त झाल्या होत्या. त्या आणि बुनू असे दोघंच घरात उरले.

दिसायला तो तपकिरी. कान लोंबते, छाती पुढे आलेली आणि पोट जमिनीपासून चार बोटं वर. आवाज मात्र एवढा, की जिन्यात न पाहिलेल्या माणसाला वाटावं घरात वाघ पाळलाय. उकरायची त्याला भारी हौस. गॅलरीत तुळशीची कुंडी त्याने दोनदा रिकामी केली. गादीखाली शिरून तो आतल्या आत पुढे सरकायचा आणि गादीवर एक उंचवटा हळूहळू चालत जायचा. बाई उंचवट्याशी बोलायच्या, "बुनू, बाहेर ये रे, पाहुणे आलेत."

खाली रस्त्यावर सगुणा म्हावरं विकायला बसायची. खाडीकाठच्या गावातली, कोळ्याची. तिचा नवरा धाकू होडी घेऊन खाडीत जाळं टाकायचा. ती सकाळी डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि आमच्या इमारतीच्या कडेला बसायची. बाई वरून विचारायच्या, "सगुणा, आज काय आणलंस?" ती खालून सांगायची, "निवट्या हायत, कोलंबी हाय. तुला कोलंबीच देतंय, खाली ये." चार वर्षं त्यांची अशी ओळख होती. एक वर, एक खाली. त्यामुळे दोघींचा आवाज कायम चढलेला.

सकाळी बुनूला खाली आणलं, की तो आधी सगुणाकडे धावायचा. ती कमरेच्या पिशवीतून सुकटाची चिमूट काढून त्याच्यापुढे धरायची. "खा रं माज्या लांबड्या." तिची हाक ऐकली, की तो वरच्या मजल्यावरसुद्धा शेपटीने कपाट वाजवायला लागायचा.

एकोणनव्वद सालचा तो दिवस मला चांगला आठवतो. थंडी होती. बुनू पलंगावर बाईंच्या शालीत झोपला होता. खालून सगुणाची "म्हावराऽ" अशी हाक आली. त्याने पलंगावरून उडी मारली आणि उघड्या दारातून जिन्यावर धाव घेतली. आम्ही त्याची नखं पायऱ्यांवर वाजताना ऐकली. मग एक किंकाळी आली. कुत्र्याची वाटू नये अशी.

बाई कठड्याला धरत धरत उतरल्या. पहिल्या मजल्यावरच्या शांताबाई आधीच धावल्या होत्या. बुनू जिन्याच्या वळणावर पडला होता. पुढचे दोन पाय उठायला बघत होते. मागचे दोन जणू त्याचे नव्हतेच.

त्याला न्यायचं कशातून? शांताबाईंनी मला खुंटीवरून काढलं. त्या दिवशी बुनू पहिल्यांदा माझ्यात आला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं आणि ती थरथर माझ्या कामटीकामटीत उतरत होती. रिक्षाने आम्ही कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी बुनूच्या मागच्या पायाची बोटं चिमटीत धरून दाबली. बुनूने वळूनही पाहिलं नाही.

"मणक्यातली चकती सरकली आहे," ते म्हणाले. "पाठ लांब, पाय आखूड, त्यामुळे या जातीला हे दुखणं होतं. त्यात हा फार जाड झालाय. काय खायला देता?"

"घरातलंच. आपला वरणभात," बाई म्हणाल्या.

"सहा आठवडे याला अजिबात हलू द्यायचं नाही. छोट्या जागेत ठेवा. औषधं देतो. पाय परत आले तर आले."

"आणि नाही आले तर?"

डॉक्टरांनी बुनूच्या डोक्यावर हात ठेवला. "सहा आठवड्यांनी बोलू."

परत आलो तेव्हा सगुणा खालीच उभी होती. तिने पाटी झाकून ठेवली होती, एकही गिऱ्हाईक घेतलं नव्हतं. ती पुढे आली. "काय झाला गो बाय? काय बोलला डॉक्टर?"

बाईंचा सगळा धीर तिथे सुटला. "जाड झालाय म्हणाले! तुझ्या सुकटाने जाड झाला! तूच हाका मारून त्याला खाली पळायची सवय लावलीस. आता बघ काय झालंय ते!"

"अगो, मी चिमूटभर..."

"मला काही सांगू नकोस. उद्यापासून आमच्या दारात बसू नकोस."

रस्त्यावरची माणसं बघत होती. सगुणाने चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या गल्लीत बसायला लागली.

मी स्वयंपाकघरात टांगलेली असायची, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती. रोज दुपारी बाई जेवायला बसल्या, की बुनूच्या ताटलीत भात कालवायच्या आणि त्यावर दोन चमचे तूप सोडायच्या. वर म्हणायच्या, "खा, कुणाला सांगू नकोस." सुकटाची चिमूट त्यापुढे काहीच नव्हती. पण टोपलीला कोण विचारतं?

ते सहा आठवडे बुनू माझ्यातच राहिला. बाईंनी आपली जुनी सुती लुगडी घडी करून तळाशी घातली. लुगडं ओलं झालं, की काढायचं, धुवायचं, दुसरं घालायचं. गॅलरीत कायम तीन वाळत असायची. लघवी त्याला आपणहून होत नव्हती. पोटावर हलक्या हाताने दाबून ती करवावी लागे. डॉक्टरांनी शिकवलं होतं, पण पहिले दोन दिवस बाईंना ते जमेना. त्या घाबरून हात मागे घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी जमलं, तेव्हा त्यांनी मोठ्याने "शाब्बास!" म्हटलं. शाळेत पाढे बरोबर आल्यावर म्हणत असतील, अगदी तसं.

दर चार तासांनी त्या त्याची कूस बदलायच्या. मागच्या पायांना खोबरेल तेल लावून बोटं एकेक करून चोळायच्या. मग चिमटीत धरून दाबायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. रोज काहीच व्हायचं नाही. बुनू शरमल्यासारखा दुसरीकडे बघायचा. त्याला आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात बाईंनी सरोजला फोन केला. फोन खाली वाण्याकडे होता, म्हणून त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. वर आल्या तेव्हा डोळे लाल होते. त्या माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या एरवी कधी जमिनीवर बसत नसत. "सरोज म्हणते, त्याचे हाल नको करूस," त्या बुनूला म्हणाल्या. "मी करतेय का रे तुझे हाल?"

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी बाई ताटं घासत होत्या. मला डाव्या अंगाला काहीतरी लागलं. टक्. मला वाटलं उंदीर. पुन्हा, टक्. बुनूची शेपटी होती. बोटभर हलली आणि माझ्या कडेवर आपटली. बाईंनी नळ बंद केला. परत टक्. त्या साबणाच्या हातांनीच धावत आल्या आणि मागच्या पायाचं बोट दाबलं. बुनूने पाय आखडून घेतला आणि वर त्यांच्यावर गुरगुरला.

"गुरगुर," बाई रडत म्हणाल्या. "हवं तेवढं गुरगुर."

सहा आठवडे संपले तेव्हा तो उभा राहिला. मागचा भाग डुगडुगायचा, वळताना ढुंगण एकीकडे जायचं, पण चालायचा. डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, "मी आशा सोडली होती. पण बाई, यापुढे जिना कायमचा बंद. पलंगावर उडी बंद. तूप बंद. उचलाल तेव्हा एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ राहिली पाहिजे."

आता अडचण बाईंची होती. दोन्ही हात बुनूला लावायचे तर जिन्याचा कठडा कशाने धरायचा? आणि कठडा धरल्याशिवाय त्यांचे गुडघे एक पायरी उतरत नव्हते. दोन-तीन दिवस त्यांनी कशीबशी कसरत केली. एका सकाळी वर येताना अर्ध्या जिन्यातच त्यांचे पाय लटपटले. बुनूला मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या, त्या तासभर तिथेच. शांताबाई बाजारातून आल्या तेव्हा त्यांनी दोघांना वर पोचवलं. आणि मग शांताबाई पलीकडच्या गल्लीत सगुणाकडे कोलंबी घ्यायला गेल्या.

त्याच दुपारी दार वाजलं. सगुणा होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा वर आली होती. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, म्हावऱ्याचे हात पदरात गुंडाळून.

"लांबड्याला बगाया आयलंय," ती म्हणाली. "बगून जातंय."

बुनूने तिला पाहिलं आणि मागचा भाग डुलवत तिच्याकडे निघाला. वाटेत एकदा पडला, उठला, पुन्हा निघाला. सगुणा खाली बसली. "हलू रं, हलू ये," म्हणत तिने पदरातले हात पुढे केले.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगुणा, तूप मीच घालत होते गं त्याला. रोज. डॉक्टरांपुढे बोलायची लाज वाटली, आणि तुझ्यावर ओरडले. सगळ्यांसमोर."

सगुणा बुनूचे कान चोळत राहिली. "मना लय लागला व्हता बाय," ती म्हणाली. "घरी जाऊन जेवलू नाय." मग तिने मान वर केली आणि खुंटीकडे बोट दाखवलं. "आथा तो इषय सोड. ही टोपली कवरा वजन उचलते?"

रविवारी ती धाकूला घेऊन आली. धाकू कमी बोलायचा. त्याने मला उलटं करून तळ दाबून पाहिला, वीण पाहिली आणि मान हलवली. गॅलरीच्या कठड्याबाहेर हातभर येईल असा लोखंडी पाइप त्याने पक्का बसवला आणि त्याला होडीवरची कप्पी अडकवली. जाड नायलॉनचा दोर माझ्या तळाखालून आडवा-उभा घेऊन चार बाजूंनी वर आणला. गाठ मारून म्हणाला, "ही गाठ वजनान आजून घट व्हते. सुटनार नाय." वर झाकायला जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला, म्हणजे बुनू बाहेर उडी मारणार नाही. मग माझ्यात पाच विटा भरून मला तीनदा खाली-वर केलं. तेव्हा कुठे बाईंना दोर हातात दिला.

बुनूला घेऊन पहिल्यांदा खाली जाताना सगळा रस्ता थांबला होता. भाजीवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाले, सगळे माना वर करून उभे. वर बाई दोर वीतवीतभर सोडत होत्या. बुनू जाळ्याच्या भोकातून नाक बाहेर काढून वारा हुंगत होता. भीती त्याला मुळीच नव्हती. पहिल्या मजल्याच्या खिडकीत शांताबाई म्हणाल्या, "या साहेब, कुठे निघालात?" खाली सगुणाने मला दोन्ही हातांनी झेलून छातीशी धरलं आणि ओरडली, "धरला गो बाय! सोड आथा!"

पुढची आठ वर्षं हे रोज चाललं. सकाळी सगुणा झेलायची, संध्याकाळी शांताबाई. बुनूला रस्त्याच्या कडेने फिरवायचं, परत माझ्यात ठेवायचं, दोर हलवायचा, की बाई ओढायच्या. कप्पीमुळे दोर खालच्या दिशेने ओढायचा, म्हणून त्यांना वजन कमी जाणवे. पावसाळ्यात माझ्यावर प्लॅस्टिक यायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा कुणी म्हणालं, की इमारतीची शोभा जाते. शांताबाईंनी विचारलं, "तुम्ही नेता का रोज उचलून?" विषय तिथेच संपला.

तूप खरंच बंद झालं. बुनूला उकडलेला दुधी आणि गाजर मिळायचं. तो आधी रुसून बसायचा, मग खायचा. महिन्यातून एकदा वाण्याच्या तराजूत बसवून त्याचं वजन व्हायचं. लोखंडी वजनं एका बाजूला आणि हा गंभीर तोंडाने पारड्यात. साडेअकरा किलोंचा आठवर आला, तेव्हा वाण्याने स्वतः वर येऊन बाईंना सांगितलं. सगुणाचं सुकट मात्र डॉक्टरांना विचारून चालू राहिलं. आठवड्यातून एकदा, एकच चिमूट.

बाहेर काय काय बदललं. भाजीवाला गेला, त्याच्या जागी कॅसेटचं दुकान आलं. घरोघरी फोन आले. सगुणाचे केस पांढरे झाले. बुनूच्या तोंडावरही पांढरं आलं, डोळ्यांत निळसर झाक आली. तरी मला दोर बांधताना पाहिलं, की तो शेपटी वाजवायचा.

सत्त्याण्णव सालच्या पौषात एका सकाळी तो गॅलरीत उन्हाला पडला होता. बाईंनी हाक मारली, तो उठला नाही. त्या जवळ बसून राहिल्या. मग त्यांनी एक धुतलेलं लुगडं माझ्यात अंथरलं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून त्याला उचललं आणि नेहमीसारखं कुशीवर ठेवलं. खालून सगुणा म्हणाली, "धाकू वर येतंय बाय, जिन्यान आणतंय त्याला."

"जिन्याने नको," बाई म्हणाल्या. "त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे."

दोर त्या दिवशी इतका हळू सुटला, की मी कधी जमिनीला लागणारच नाही असं वाटलं. मी लागलेही नाही. बाई एकेक पायरी उतरून खाली येईपर्यंत सगुणा मला छातीशी धरून उभी होती. तिने मला खाली ठेवलं नाही. खाडीकाठी त्यांच्या घरामागे भेंडीचं डेरेदार झाड आहे, पिवळ्या फुलांचं. धाकूने तिथे खड्डा केला. मी रिकामी परत आले.

पुढच्या वर्षी सरोज आईला आपल्याकडे घेऊन गेली. घोडबंदर रोडला नवी उंच इमारत, सातवा मजला, लिफ्ट. बाईंना न्यायला ती गाडी घेऊन आली तेव्हा बाईंनी मला सगुणाच्या हातात दिलं.

आता मी खाडीकाठच्या पडवीत असते. माझा काठ एका बाजूने सुटलाय, तळाच्या दोन कामट्या मोडल्यात. दोर केव्हाच होडीवर गेला. काही दिवस माझ्यात सुकी लाकडं होती, काही दिवस जाळ्यांना लावायची शिसाची वजनं. गेल्या पंधरवड्यात सगुणाने माझ्यात भुसा घातला आणि कोंबडीला अंड्यांवर बसवलं.

परवा अचानक भागीरथीबाई आल्या. सरोजने रिक्षातून उतरवून त्यांना पडवीपर्यंत आणलं. हातात काठी होती. सगुणाने त्यांना माझ्याकडे बघताना पाहिलं आणि ती घाईने पुढे आली. "तुला पायजे का गो ती? कोंबडी उठवतंय, थांब."

"नको नको," बाई म्हणाल्या. "बसू दे तिला. किती अंडी आहेत?"

"अकरा."

"कधी फुटतील?"

"आठ दिसान. आयतवारी."

बाई काठीवर दोन्ही हात ठेवून कोंबडीकडे बघत राहिल्या. मग सरोजला म्हणाल्या, "रविवारी मला परत आण हं."

सगुणाची सून म्हणते, टोपली जुनी झालीय, पाणी तापवायला चुलीत घालू. घाला की. बांबू चांगला जळतो, आणि मला सांगायचं होतं ते सांगून झालंय. पण रविवारपर्यंत थांबा. आत काहीतरी हलायला लागलंय, आणि बाई यायच्या आहेत.